वेशीचं दार ओढ्यावर

नांदलखिंडीच्या वेशीला दार नाही. दगडी कमान आहे, दाराचे खुंट ज्यांत फिरायचे ती भोकंही आहेत. दार मात्र ओढ्यावर आडवं पडलं आहे. तुम्ही आत्ता ज्या जाड फळ्यांवरून आलात, तेच ते. मूळचं लाकूड कधीच कुजलं, फळ्या पुष्कळदा बदलल्या, पण गाव त्याला दारच म्हणतं. आणि त्यावर टाच आपटल्याशिवाय इथं कोणी गावात शिरत नाही. का, ते जुनी माणसं सांगतात.

काळ पेंढाऱ्यांचा. वेशीची राखण येसू नाइकाकडं होती, आणि गिरजा त्याची बायको. एका दुपारी गावच्या बाया ओढ्यापलीकडं सरपणाला गेल्या होत्या. गिरजा होती, कुंभाराची पोटुशी सून चंदरा होती, काही म्हाताऱ्या होत्या. खिंडीत धुरळा उठला तशा मोळ्या टाकून सगळ्या पळत सुटल्या. गिरजा चंदराला हाताला धरून ओढत होती. त्या वेशीपाशी पोचतात न पोचतात तोच दार आतून लागलं.

हुकूम हैबती पाटलाचा होता. पोती आत आली होती, गुरं आत आली होती, देवीचा चांदीचा टोप आत होता. बायांसाठी थांबलो तर लुटारू घुसतील, असं त्याचं म्हणणं. गिरजेनं दोन्ही मुठींनी दार बडवलं, नवऱ्याला हाका मारल्या. पलीकडून अडसर सरकवल्याचा आवाज तेवढा आला.

घोडी जवळ आली तशी ती चंदराला घेऊन बाभळीच्या काट्यांत शिरली. म्हाताऱ्यांना पळवेना. त्या वेशीसमोरच कापल्या गेल्या. चंदरा त्या काट्यांतच अवेळी बाळंत झाली आणि गेली. मूलही गेलं. ओरडायला नको म्हणून तिनं तोंडात पदर कोंबून घेतला होता, असं सांगतात.

दार फुटेना, तेव्हा पेंढारी निघून गेले. मग वेस उघडली. पाटील बाहेर आला, हात जोडून म्हणाला, “देवीची कृपा. सगळं वाचलं.”

रक्तानं भिजलेल्या लुगड्यात गिरजा समोर उभी होती. तिनं पाटलाकडं पाहिलंसुद्धा नाही. ती नवऱ्यापुढं गेली आणि जन्मात पहिल्यांदा त्याला एकेरी बोलली.

“माझा आवाज वळखला न्हाईस?”

येसूनं मान खाली घातली. “वळखला,” तो म्हणाला.

गिरजा तडक वळली. सुताराच्या घरातून कुऱ्हाड आणली आणि दाराच्या खुंटावर घाव घालायला लागली. पाटलानं माणसांना तिला अडवायला सांगितलं. एकही पुढं झाला नाही. हत्तीच्या धडकेनंही हललं नसतं असं ते सागवानी दार एका बाईच्या हातानं दिवस मावळायच्या आत खाली आलं म्हणे. देवीच तिच्या अंगात आली होती असं काही म्हणतात. काही म्हणतात, कशाला देवी पाहिजे, संताप पुरे होता.

बायांनी ते दार ओढत नेलं, ओढ्यावर टाकलं. गिरजा त्यावर उभी राहिली, टाच आपटली आणि म्हणाली, “आजपासनं दाणागोटा गावाभाईर पुरायचा. आन् वेशीला दार न्हाई, माणसं लागतील. पाटील सगळ्यांत म्होरं.”

तसंच झालं. धान्य रानातल्या पेवांत गेलं. पुढच्या साली पेंढारी पुन्हा आले तेव्हा सगळा गाव गोफणी घेऊन कमानीत खांद्याला खांदा लावून उभा होता, आणि पहिल्या रांगेत पाटील थरथरत होता. पेंढारी आल्या वाटेनं परतले. येसूला गिरजा रोज भाकर द्यायची, पण कमानीबाहेर. घरात तिनं त्याला मरेपर्यंत घेतलं नाही.

आजही नवी सून त्या फळ्यांवर टाच आपटूनच गावात येते. वेशीत म्हाताऱ्या बसलेल्या असतात. लाजत, हलक्या पायानं कोणी आली तर त्या तिला माघारी धाडतात. “तोंडात पदर कोंबून गेली ती चंदरा आठव,” म्हणतात, “आन् पुन्हा ये.”