तानूबायचं लिंपण

एकदा मी पावणाईला नवस बोलले होते. माझ्या धाकट्या दिराला कारखान्यात अपघात झाला, पाय राहतो की जातो अशी वेळ आली, नि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, याला चालता कर, मी तुझ्या राईत येऊन सव्वा शेर धूप जाळीन." दीर चालायला लागला. मी बाजारातला चांगल्यातला चांगला धूप घेतला आणि घाटातल्या आंबेखोलला गेले. राईच्या तोंडाशी गुरवीण बसली होती. माझी पिशवी बघून म्हणाली, "बाई, हे आत न्यायचं नाही."

"अहो, पण नवस आहे."

"असू दे की. खाली बसा, पाणी प्या, नि आधी तानूबायचं ऐका."

मी ऐकलं नि धूप न जाळताच परत आले. दीर अजून चालतो, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव त्यातच अडकून राहायचा. आता मी ऐकलं तसं तुम्हीही ऐका. गोष्टीत काही ठिकाणी माझाही गोंधळ आहे. तो गुरविणीचाही आहे, आणि आंबेखोलच्या सगळ्या गावाचाच आहे.

फार वर्षांपूर्वी, घाटात ना सडक होती ना गाडी, तेव्हाची ही गोष्ट. आंबेखोलच्या वर पावणाईची राई होती. राई म्हणजे देवीचं रान, तिथं कुऱ्हाड चालवायची नाही. झाडं अशी दाट की भर दुपारी उन्हाचा कवडसा जमिनीला शिवत नसे. खाली पाचोळा, पाचोळ्यात जळवा, नि वर्षातले सहा महिने धुई. धुई म्हणजे धुकंच, पण असं की आपलाच पुढं केलेला हात दिसू नये. कोकणातून घाटावर जायची वाट या राईतूनच होती. ती वाट एकाच माणसाला ठाऊक होती. तानूबाय वाटाडी.

असं म्हणतात, तानूबाय डोळे मिटून चालायची. डोळ्यांचं काम नव्हतंच. वाटेच्या कडेला धुपाची सात जुनी झाडं होती. धुपाच्या झाडाच्या सालीतून एखादा थेंब आपसूक पाझरतो, गोठतो, नि वाळला की खाली पडतो. त्याला मंद वास येतो. एका झाडाचा वास सरला की दुसऱ्याचा लागायचा, तो सरला की तिसऱ्याचा. सातव्या झाडापाशी उतार लागायचा, नि उताराखाली आंबेखोल. व्यापारी, वऱ्हाडं, जत्रेकरू, सगळ्यांना तिनं वासावर ने-आण केली. कधी कुणी चुकलं नाही.

एकदा एक वाटसरू बाई सातव्या झाडाखाली बसून रडत होती. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला. तानूबायला कणव आली. तिनं पाचोळ्यातले चार थेंब वेचून बाईच्या ओंजळीत घातले नि म्हणाली, "हे आईपुढं जाळ. आई पावंल." आणि आई पावली! बाईचा नवरा उठून बसला.

झालं. बातमी वाऱ्यावर गेली. पावणाईला तिच्याच राईतला धूप लागतो, म्हणे. मग कुणी म्हणालं, मूठभर लागतो. कुणी म्हणालं, सव्वा शेर. नंतर कुणी म्हणालं, घाटमाथ्यापासून देवळापर्यंत धूप पेटता ठेवावा लागतो, विझला की नवस मोडला. हे पहिल्यांदा कोण बोललं, ते आजतागायत कळलेलं नाही. पण सगळ्यांना ते पाठ झालं.

माणसं येऊ लागली. पडलेले थेंब पुरेनात. तानूबायचा भाऊ नवलू डोकेबाज. त्यानं शोधून काढलं की खोडाला कुऱ्हाडीनं खाच मारली नि बुडाशी जाळ केला की झाड भळाभळा धूप सोडतं. देवाच्या रानात कुऱ्हाड? पण देवासाठीच ना! गावानं मान डोलावली. घरोघर धुपाच्या पुड्या बांधल्या जाऊ लागल्या.

तानूबाय एकदा म्हणाली, "नवल्या, झाड रडतंय रे."

"रडत न्हाई अक्का, देतंय," नवलू म्हणाला. "तूच न्हाई का त्या बाईला दिला व्हतास?"

तानूबायच्या मनात आलं, आपणच सुरुवात केली, आता कुठल्या तोंडानं बोलायचं? आणि लोक तर देवीचंच करत होते. यात वाईट काय, ते तिला सांगता येईना. आणि चांगलं म्हणावं, तर घास गोड लागेना. अशी दोन वर्षं गेली.

तिसऱ्या वर्षी कार्तिकातल्या जत्रेच्या दिवशी तानूबाय घाटावर गेली. तिची एकुलती लेक कृष्णी तिकडं दिलेली. तिचे दिवस भरत आले होते, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. आणायला मामानं जायचं, पण नवलूला जत्रेत पुड्या विकायच्या होत्या. म्हणून आईच गेली. परतताना मागं तीसेक जत्रेकरू लागले. प्रत्येकाच्या हातात मातीचं धुपाटणं, नि त्यात धूप पेटलेला. सगळ्यांत पुढं अंबूबाई नावाची घाटावरची बाई होती, अंगानं भरलेली, तोंडानं त्याहून.

सगळे राईत शिरले नि धुई उतरली. पांढरीफेक. तानूबायनं डोळे मिटले, श्वास घेतला, नि पाऊल टाकलं. पहिल्या झाडाचा वास आला. मग तोच वास डावीकडून आला. मग उजवीकडून. मग मागून. ती चालत राहिली.

बऱ्याच वेळानं कृष्णी म्हणाली, "आये, ह्यो धोंडा मगाशी गेला की गं."

"न्हाई, त्यो दुसरा."

"मग दुसऱ्यावर बी माझीच चुंबळ कशी काय ऱ्हायली?"

खरंच, धोंड्यावर तिच्या डोईची चुंबळ पडलेली होती. लोक कुजबुजायला लागले. चकवा लागला! चकव्याला उपाय असतो. सगळ्यांनी वहाणा उलट घातल्या, बायकांनी पदर फिरवून घेतले, नि पुन्हा निघाले. पुन्हा तोच धोंडा.

"वाटाडी म्हणे!" अंबूबाई म्हणाली. "आमची म्हस बरी. सांजेला आपली आपण गोठ्यात येती."

एरवी तानूबायनं दोन शब्द सुनावले असते. पण तेवढ्यात कृष्णीनं कमरेवर हात ठेवला नि ती वाकली. तानूबायला समजलं. दोन बाजूंना दोन दऱ्या, वर धुई, पोर अडलेली, आणि ज्या नाकावर तिनं जन्म काढला ते नाक आज दहा दिशांना ओढत होतं. असं म्हणतात, तेव्हा ती देवीला म्हणाली, "आई, माझं नाक मेलं, का तुझी राई?"

देवी काही बोलली नाही. देवी अशा वेळी बोलत नाही, हा माझाही अनुभव आहे. पण गप्प राहूनही ती काही सुचवते. तानूबायनं मान वर केली नि तिला तीस धुपाटण्यांचा धूर दिसला.

"धूप विझवा," ती म्हणाली.

"काय?" अंबूबाईनं धुपाटणं छातीशी धरलं. "बारा वर्षं सुनंची मांडी रिकामी हाय. घाटमाथ्यापास्नं फुकत आणलाय ह्यो. विझवू म्हंतीस?"

"वास कुठनं येतोय त्ये कळंना मला. वाट सापडंना."

"नवस मोडतोय माझा!"

"माझ्या लेकीच्या पोटातलं हितं अडकलंय, अंबूबाई."

नवस मोडणं हे पाप, हे सगळ्यांना ठाऊक. बाळंतीण अडणं हेही सगळ्यांना दिसत होतं. तानूबायलाही खात्री नव्हती. आपण दुसऱ्याचा नवस मोडायला सांगतोय, देवी काय म्हणेल? ती हात जोडून एवढंच म्हणाली, "आई, मला समजत न्हाई गं. कोप करायचा तर माझ्यावर कर. ह्यांच्यावर नको."

अंबूबाईनं कृष्णीकडं बघितलं. पोर एका मुळीला धरून ओठ चावत होती. अंबूबाईनं धुपाटणं ओल्या पाचोळ्यात पालथं घातलं नि तोंड फिरवून डोळे पुसले. मग एकेक करून सगळ्यांनी घातलं.

धूर विरला. तरी वास चहूकडून होताच.

तानूबाय चाचपडत जवळच्या झाडाशी गेली. हात लावला तर बोटं खोल आत गेली. कुऱ्हाडीची खाच होती, चिकट, भळभळती. बुडाशी कोळसा झालेला. घाव नवलूचा होता, ते तिला हातालाच समजलं. पुढचं झाड तसंच, त्यापुढचंही तसंच. सात झाडांचा मंद वास, शेकडो जखमांच्या वासात बुडून गेला होता.

शेजारी एक वारूळ होतं. तानूबायनं त्याची माती घेतली, बाजूच्या झऱ्याच्या पाण्यात कालवली, आपल्या लुगड्याची एक चिंधी फाडली, नि बाळंतिणीच्या घरी भिंत लिंपावी तशी ती जखम लिंपली. वर चिंधी बांधली. आणि दिवा मालवावा तसा एक वास मालवला.

मग लोकांना समजलं. तीस माणसं नि साठ हात. कुणी माती आणतंय, कुणी पाणी. अंबूबाईनं आपलं नवं पातळही फाडलं. किती झाडं लिंपली? कुणी एकवीस म्हणतं. गुरवीण एकशे आठ म्हणते. दुपारभरात एकशे आठ झाडं कशी होतील, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, "माणसं झाडांकडं गेली न्हाईत, झाडंच त्यांच्याकडं आली." मला काही ते नीट समजलं नाही. असंही म्हणतात की वारुळाची माती घेतली तेवढी पुन्हा भरत होती, नि तानूबायचं लुगडं कितीही फाडलं तरी अंग झाकण्यापुरतं उरत होतं.

आसपासचा शेवटचा घाव बुजला नि तिथं वासच राहिला नाही. सगळे थांबले. कृष्णीचं कण्हणंही क्षणभर थांबलं. आणि मग ओल्या मातीच्या वासाखालून एक बारीक, जुना वास आला. एकच. एकाच दिशेनं.

"त्ये बघ," तानूबाय म्हणाली, "सातवं!"

सातवं झाड उताराच्या तोंडाशी होतं, म्हणून की काय कोण जाणे, नवलूच्या कुऱ्हाडीतून सुटलेलं. तिथवर कृष्णीला दोघींनी खांद्यावर हात घेऊन आणलं. त्यापुढं तिला चालवेना. त्याच झाडाखाली अंबूबाई पदर खोचून बसली, नि म्हणाली, "नवस सुनंसाठी, आणि बाळंतपण दुसरीच्या लेकीचं. पावणाये, तुझा हिशोब तुलाच ठावं!" पाचोळ्यावर मुलगी जन्मली. ती रडली, नि धुई वर उचलली, असं म्हणतात. खाली आंबेखोलची कौलं दिसत होती.

गावात आल्यावर नवलू धावत आला. तानूबायच्या अंगावरचं अर्धं लुगडं नि मातीनं भरलेले हात बघून थबकला. तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पर अक्का, धूप जाळा असं तूच म्हणालीस."

"म्हणाले. पडलेला जाळा म्हणाले व्हते का नुसतं जाळा, त्ये आता मलाच आठवंना. चूक माझी."

"मग आल्यागेल्यानं मागितला तर काय सांगू? आन् घर कशावर चालवू?"

"वाट दाखव त्यानला. घरात उतरू दे, भाकरी घाल, त्याचं घे. थेंब पडलेला घावला तर दे. न्हाई घावला तर न्हाई म्हण. न्हाई म्हणायला लाजायचं काय त्यात?"

बहिणीचं खरं की आजवरच्या दोन वर्षांचं खरं, नवलूला ठरवता येईना. मग त्यानं भाचीच्या लेकराकडं बघितलं, कुऱ्हाड ओसरीवर ठेवली, नि माती कालवायला घेतली.

अंबूबाईच्या सुनेला मूल झालं का? मी गुरविणीला विचारलं. ती म्हणाली, "झालं बी म्हंत्यात, न्हाई बी म्हंत्यात." मी झालं असं धरून चालते.

राईत अजून पुष्कळ झाडं लिंपायची राहिली होती. तानूबाय रोज जायची. एका सकाळी धुईत गेली ती परतलीच नाही. नवलू शोधत गेला, तर झाडामागून झाड लिंपलेलं, प्रत्येक लिंपणावर पाच बोटं उठलेली. शेवटच्या झाडावरची माती आठ दिवस ओलीच होती. ती वाट चुकली, की दरीत गेली, की देवीनं ठेवून घेतली? कुणी काही म्हणतं, कुणी काही. चुकली असं मात्र आंबेखोलमध्ये कुणी म्हणत नाही.

आजही तिथं गावातला वाटाड्या बरोबर घेतल्याशिवाय राईत कुणी जात नाही, नि वाट सोडून पाऊल टाकत नाही. देवळापुढं धूप जळत नाही. पाचोळ्यात थेंब सापडला तर गुरवीण तो तळहातावर ठेवून सगळ्यांना हुंगायला देते, नि परत झाडापाशी नेऊन ठेवते. जत्रेला येणारा प्रत्येक जण वारुळाच्या मातीचा एक गोळा घेऊन आत जातो, वादळानं मोडलेल्या, गव्यानं सोललेल्या एखाद्या झाडाची जखम बघतो, ती लिंपतो, नि वर पाच बोटं उमटवतो. त्याला तानूबायचं लिंपण म्हणतात. नवस फेडायचा तो असाच.

तुम्ही कुठल्याही रानात जा, देव कुठलाही असू दे. तिथलं माणूस बरोबर घ्या, त्याच्या घरची भाकरी खा. कुणी रानातली वस्तू पुढं केली तर विचारा, ही आपसूक पडली की ओरबाडून काढली? सांगता आलं नाही तर घेऊ नका. देव रागावेल का, असं मनात येईल. मलाही येतं. तरी हात रिकामे ठेवा, म्हणजे माती कालवता येते. एक झाड लिंपा नि मग या. एवढं माझं ऐका.