वीतभर अंतर

"मग पट्टा कधी देताय, वस्ताद?"

सर्जेराव विचारत होता. अंगात कालचाच सरदारी अंगरखा, कपाळावर कालचाच टिळा. झोपताना तरी उतरवला होता की नाही, देव जाणे.

येसबा वस्ताद सकाळीच दवाखान्यातून आले होते. तालमीच्या पायरीवर बसून दांडपट्ट्याच्या पात्याला तेल चोळत होते. वस्तादांचा पट्टा एकाच शिष्याला मिळतो, आणि तोच पुढं तालमीचा वस्ताद होतो. सर्जेरावाचा सगळा जीव त्या पट्ट्यात अडकलेला. मी आत कुस्तीच्या हौद्यातली माती उकरत होतो, म्हणून सगळं ऐकलं.

"काल बघितलंत ना? गडाखाली केवढी माणसं! खिंडीतल्या लढाईचा असला खेळ आजवर झाला नव्हता. बायाबापड्या रडल्या, वस्ताद."

"सोपान कसा आहे?" वस्ताद स्वतःच त्याला बघून आले होते, तरी विचारलं.

"हाय दवाखान्यात. होईल बरा."

सोपान आमच्याच तालमीतला. खेळात शत्रूचा अंगरखा घालायला कुणी तयार होत नाही. जो तो सरदार व्हायला बसलेला. यंदा सोपान म्हणाला, "आणा इकडं. कुणीतरी हरायला पाहिजेच की." काल त्याच्या मनगटातून रक्ताची धार लागली, तर लोकांना वाटलं रंगच आहे. टाळ्या पडल्या. माईकवाला बेंबीच्या देठापासून ओरडत होता. काय बोलायचं असल्या गर्दीला!

"पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं तुला?"

"वार अंगापासून वीतभर आधी थांबवायचा. ठाऊक आहे की. पण वस्ताद, काल मी सर्जेराव नव्हतोच. अंगात संचारलं होतं. समोर सोपान दिसतच नव्हता. गनीम दिसत होता."

"आणि सोपानला कोण दिसत होतं?"

"...म्हणजे?"

"त्यानंही सोंग घेतलं होतं. त्याच्याही हातात तलवार होती. खरीच."



वस्तादांनी तेलाची चिंधी खाली ठेवली. उठले. अंगठा आणि करंगळी ताणून त्यांनी सर्जेरावाच्या मानेजवळ वीत धरली.

"तुझ्या आधी त्याची तलवार इथवर आली होती. इथं थांबली. खेळात सरदार जिंकायचा असतो, म्हणून त्यानं हात खाली घेतला. त्या खाली घेतलेल्या हातावर तू वार केलास."

"कुणी... कुणी बघितलं?"

"मी."

हौद्यात माझं खोरं तसंच हातात राहिलं.

"चुकलं माझं," सर्जेराव म्हणाला. डोळ्यांत पाणी आलं होतं, नाही असं नाही. पण नजर मेल्याची पट्ट्यावरच! असा संताप आला मला.

"पण वस्ताद... पट्टा?"

वस्तादांनी पट्टा उचलला. कपाळाला लावला. आणि सर्जेरावाच्या हातांत ठेवला.

त्याचा चेहरा एकदम खुलला. पाया पडायला वाकला, तर वस्तादांनी पाय मागं घेतले.

"घेऊन जा. ज्याच्यासाठी ठेवला होता, त्याची मूठ आता वळत नाही."