एकदाच विचारलेला प्रश्न

एकदा एका वृद्ध वैद्यराजांना आपल्या गुरूंचा आवाज वाचण्याची ओढ लागली. आवाज ऐकायचा असतो, वाचायचा कसला, असे कोणी म्हणेल. पण वैद्यराजांचे कान जाऊन सहा वर्षे झाली होती, आणि गुरू तर त्याच्याही आधी गेले होते. मागे उरल्या होत्या अकरा कॅसेटी. रोग्याची नाडी धरून गुरू जे बोलत, ते वैद्यराजांनी तरुणपणी टेप करून ठेवले होते.

वैद्यराजांचा एक शिष्य होता. चाळिशीचा, स्वतःचा दवाखाना असलेला, हुशार, आणि हुशार माणसे बहुधा असतात तसा उतावळा. त्याने त्या कॅसेटी आपल्या मॅक संगणकावर उतरवून घेतल्या आणि बोललेल्याची अक्षरे करून देणारे एक सॉफ्टवेअर आणले. वैद्यराजांशी बोलायचे म्हणजे पाटीवर लिहायचे. उत्तर ते तोंडाने देत. शिष्याने पाटीवर लिहिले, "गुरुपौर्णिमेला तुमचे गुरू तुमच्या हातात देतो." वैद्यराजांनी ती पाटी दिवसभर पुसू दिली नाही.

पण सॉफ्टवेअर हटून बसले. कोणतीही फाइल वाचायला सांगावी, तर पडद्यावर एकच वाक्य येई: ही फाइल वाचण्याची परवानगी नाही. शिष्याने काय करायचे बाकी ठेवले? एकेका फाइलची माहिती उघडून कोणीही वाचावे, कोणीही लिहावे, अशी मोकळीक देऊन टाकली. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातले, तेही तीनदा. सारे पालथ्या घड्यावर पाणी. फायली त्याच्या, यंत्र त्याचे, आणि परवानगी मात्र नाही. चौथ्या दिवशी त्याचा संयम सुटला. गुरुपौर्णिमा उद्यावर आली होती. आता यंत्र पुसून कोरे करायचे असे ठरवून, ते काखोटीला मारून तो वैद्यराजांना सांगायला गेला.

त्याने यंत्राच्या मुजोरीचा पाढा पाटीभर लिहिला. वैद्यराजांनी तो शेवटपर्यंत वाचला, ओले फडके घेतले आणि सगळी पाटी पुसून टाकली. मग पेन्सिल त्याच्या हातात देऊन म्हणाले, "यंत्र काय म्हणतंय ते कळलं. पहिल्या दिवशी त्यानं तुला काय विचारलं आणि तू काय सांगितलंस, तेवढंच लिही."

शिष्याला वाटले, म्हाताऱ्याला यंत्रातले काय कळणार. पण गुरूंपुढे असे बोलायची सोय नव्हती. शिवाय हीच तर त्यांची रीत होती: रोगी आज पोट दुखते म्हणून सांगे आणि वैद्यराज परवा काय खाल्ले ते विचारीत. शिष्य डोळे मिटून बसला. पहिला दिवस आठवू लागला. सॉफ्टवेअर प्रथम उघडले तेव्हा एका रोग्याचा फोन चालू होता. मध्येच पडद्यावर एक चौकट आली होती. हे सॉफ्टवेअर तुमच्या कागदपत्रांचे फोल्डर उघडू पाहत आहे, उघडू द्यावे का, असे काहीतरी तिच्यात होते. ताटावरची माशी वारावी तशी त्याने ती वारली होती. नंतर ती चौकट कधी आली नाही, आणि तोही तिला विसरून गेला.

त्याने पाटीवर लिहिले, "त्याने विचारले होते. मी नको म्हटले."

मग शोधायला कितीसा वेळ लागणार? मॅकच्या सेटिंगमध्ये गोपनीयतेचा एक विभाग असतो. तिथल्या यादीत त्या सॉफ्टवेअरचे नाव होते आणि नावापुढचे बटण बंद होते, चार दिवसांपूर्वी त्याने ठेवले तसेच. ते त्याने चालू केले, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडले आणि पहिली फाइल त्याच्या पुढ्यात ठेवली.

पडद्यावर अक्षरे उमटू लागली. एक शब्द, मग ओळ, मग ओळीमागून ओळ. "नाडी बघताना बोलू नये म्हणतात. मी बोलतो. त्यानं रोग्याची भीती जाते." वनस्पतींच्या नावांची जागोजाग दैना झाली होती, पण बोलणे गुरूंचेच होते, यात शंका नव्हती. वैद्यराज ओळींवरून बोट फिरवीत होते, ओठ हलवीत होते, आणि डोळ्यांतले पाणी त्यांनी पुसले नाही. शिष्य हात जोडून उभा राहिला. यंत्रापुढे की गुरूंपुढे, ते त्याचे त्यालाही सांगता आले नसते.

पहिले पान संपल्यावर वैद्यराज म्हणाले, "चार दिवस तू याला मुजोर म्हणालास. अरे, इतका आज्ञाधारक मी दुसरा पाहिला नाही. तू सहज टाकलेला शब्द यानं तू विसरल्यावरही पाळला. तू याला पुसून टाकायला निघालास, तरी यानं तो मोडला नाही. नकार देणारा विसरून जातो. पाळणारा विसरत नाही, आणि पुन्हा विचारायलाही येत नाही."

शिष्याने मान डोलावली. त्याला वाटले, बोध संपला. पण वैद्यराजांची नजर अजून पडद्यावरच होती.

"माझे कान जाऊ लागले, तेव्हा तू मला एक विचारलं होतंस," ते हळूच म्हणाले.

शिष्याला आठवले. कानाचे यंत्र लावले तर चांगले ऐकू येईल, असे डॉक्टर म्हणाले होते. 'आणू का,' असे त्याने विचारले होते. जन्मभर लोकांना काढे पाजले, आता कानात बटण खोचून बसू होय, असे म्हणून वैद्यराजांनी त्याला वाटेला लावले होते. शिष्याने तो विषय पुन्हा काढला नाही. गुरूंचा शब्द तो. पुढच्याच आठवड्यात तो पाटी घेऊन आला होता.

"तू आज्ञा पाळलीस. तुझ्याकडे दोष नाही," वैद्यराज म्हणाले. "पण या कॅसेटी सहा वर्षं माझ्या उशाशी होत्या. मला वाटत राहिलं, गुरूंचा आवाज देवानं बंद केला."

शिष्याचा हात सवयीने पाटीकडे गेला, पण त्याने लिहिले नाही. तो वैद्यराजांपुढे गुडघे टेकून बसला, त्यांच्या कानाशी तोंड नेले आणि सहा वर्षांपूर्वीचा तो प्रश्न मोठ्याने पुन्हा विचारला. त्यांना किती ऐकू गेले कोण जाणे. पण ते "हो" म्हणाले.

आपल्यालाही कोणी कोणी विचारायचे थांबलेले असते. शेवटचे विचारले तेव्हा आपण त्यांना काय सांगितले होते, ते एकदा आठवून पाहावे.