टाचणी लावलेली पानं

लीगमधल्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक दाभाडकर निवृत्त होत होते, आणि निरोपाच्या समारंभात संघाचे मालक भाऊसाहेब घाटे त्यांच्याच कारकिर्दीची वही उघडून उभे राहिले.

"नव्वद विजय, एकशे दहा पराभव! दाभाडकर, आता सत्कार करायचा तो कोणत्या तोंडाने?"

सभागृहात हशा पिकला. दाभाडकर शांतपणे उठले.

"साहेब, वही नीट चाळा. काही पानांना टाचणीने चिठ्ठ्या लावल्यात. आज कोणते पाच खेळवायचे, हे सांगायला सामन्याआधी तुम्ही पाठवायचात त्या. चिठ्ठीची पानं तुमची, उरलेली माझी. आता मोजा."

घाटेंनी पानं उलटली. टाचणीच्या एकाही पानावर विजय नव्हता, आणि प्रत्येक चिठ्ठीत पहिलं नाव त्यांच्या भाच्याचं होतं.

"मग तेव्हाच का नाही बोललात?" घाटे पुटपुटले.

दाभाडकरांची नजर मागच्या रांगेत गेली. त्या भाच्यापायी उमेदीची वर्षं बाकावर काढलेला खंडागळे तिथे मान खाली घालून बसला होता.

"तो एक पराभव मात्र माझा, साहेब," ते म्हणाले. "तो मी वहीत लिहिलाच नाही."