कंपनी वाढवू का?

मैना तांबटला नोकरीला लागून तीन दिवस झाले होते, आणि तिसऱ्याच दिवशी तिच्या हातून कंपनीचं महिनाभराचं काम पुसलं गेलं!

"हुकूम काय दिलास?" मालक दाजीसाहेब गरजले.

"'वाढव', साहेब. म्हटलं, काम वाढेल."

मुख्य अभियंता वाकणकर खो खो हसले. या कंपनीत संगणकाला मराठीतून हुकूम देत, आणि हुकमांची बारशी वाकणकरांनीच केलेली. केवढी ती विद्वत्ता! "अगं, दुकान बंद केलं की 'वाढवलं' म्हणतात, नारळ फोडला की 'वाढवला' म्हणतात. 'पूस' म्हणणं अशुभ! म्हणून सगळं पुसायचा हुकूम 'वाढव'. एवढंही कळू नये?"

"हे कुठं लिहून ठेवलंय?"

"लिहायला कशाला हवं? जुन्यांना ठाऊक आहे!"

वा रे जुने! विहिरीला कठडा बांधायचा नाही आणि पडणाऱ्याला आंधळा म्हणायचं! मैनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, चूक नावाची आहे. हा हुकूम कुणालाही चकवेल."

"कुणालाही?" दाजीसाहेब इरेला पेटले. "तीस वर्षं मुरलेला एक तरी माणूस फसवून दाखव! संध्याकाळपर्यंत. नाहीतर उद्यापासून घरी बस!"

चहाच्या वेळी मैना लॅपटॉप घेऊन थेट दाजीसाहेबांपुढे उभी राहिली.

"साहेब, आपली कंपनी वाढवू का?"

दाजीसाहेबांची कळी खुलली. "वाढव की! हे काय विचारणं झालं?"

"नक्की?"

"अगं, वाढव म्हणतो ना! झटकन वाढव!"

मैनाने 'वाढव' टाइप केलं आणि बोट बटणावर नेलं. तोच वाकणकर हातातली कपबशी टाकून धावले. "अहो दाजीसाहेब, नको म्हणा! उरलंसुरलंही जाईल!"

दाजीसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पडेल आवाजात ते म्हणाले, "बरं, हा हुकूम नव्यांच्या हातून काढून घेऊ."

"नव्यांच्या कशाला? आत्ता फसले ते तर इथले सगळ्यांत जुने! हुकूम राहू दे, साहेब. नाव सरळ 'सगळं पूस' ठेवा, आणि पुसण्याआधी 'खरंच का?' असं संगणकाला विचारायला लावा."

दाजीसाहेब असे हसले की डोळ्यांत पाणी आलं. "वाकणकर, आजपासून हुकमांना नावं ठेवायचं काम हिचं!"

"नावं तर सकाळपासून ठेवतेच आहे, साहेब," मैना म्हणाली. "आता पगार घेऊन ठेवीन!"