आजोबांची कवळी

“...पण मग पोरीला समजवायचं कसं, महाराज?” विश्वंभरशास्त्र्यांनी तिसऱ्यांदा तेच विचारलं.

भानोबा महाराज मठाच्या ओट्यावर चिंचा फोडत होते. पुढ्यात गोणपाट, हातात बत्ता. चिंच ठेचायची, चिंचोका काढायचा, गर पाटीत टाकायचा. वय ऐंशीच्या पुढे, आणि तोंडात औषधालाही दात नाही.

“समजवायचं नंतर बघू. पोरगी खाते काय?”

“पेज.”

“आणिक?”

“नुसती पेज. फार तर वरणाचं पाणी. चावायचं म्हटलं की तोंड मिटून घेते. आज आठवा दिवस. काल अंथरुणातून उठताना भोवळ आली तिला. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, पोटात काही दोष नाही.”

“दात आहेत ना?”

“पुढचे दोन पडलेत. बाकीचे शाबूत आहेत.”

“हं...”

शास्त्रीबुवा घायकुतीला आले होते, आणि ते घायकुतीला येणं म्हणजे नवलच. पाच तालुक्यांत त्यांच्या प्रवचनांना माणसं बैलगाड्यांनी यायची, आता जीपगाड्यांनी येतात. त्यातही मृत्यू हा त्यांचा हातखंडा विषय. कुणाच्या घरी माणूस गेलं की पहिला निरोप भटजींना आणि दुसरा शास्त्रीबुवांना! पंधरा वर्षांपूर्वी याच ओट्यावर त्यांनी महाराजांचे पाय धरले होते. पण नाव झालं तशा इकडच्या फेऱ्या कमी झाल्या होत्या.

तीन आठवड्यांपूर्वी त्यांचे वडील वारले. शास्त्रीबुवांची सहा वर्षांची लेक गोदा म्हणजे आजोबांचं शेपूट. त्यांच्या ताटात जेवायची, त्यांच्या धोतराच्या सोग्याला धरून देवळात जायची. तिने विचारलं, आजोबा कुठे आहेत? शास्त्रीबुवा म्हणाले, देवाच्या गावाला गेलेत.

झालं. तिथेच गाडं रुतलं.

कारण तेराव्याला रीतीप्रमाणे दानं दिली. छत्री दिली, जोडे दिले, गादी-उशी दिली, तांब्या-भांडं दिलं. गोदाने विचारलं, हे कुणाला? आत्याबाई म्हणाल्या, आजोबांना पोचतं हो सगळं, वाटेत लागतं त्यांना. पोरगी उठली, आत गेली आणि आजोबांची कवळी घेऊन आली. पाण्याच्या वाटीसकट. भटजींपुढे ठेवून म्हणाली, ही राहिली.

माणसं हसली. भटजीही हसले. कवळी काही त्यांनी नेली नाही.

त्या दिवसापासून गोदाने चावणं सोडलं.

“मी काय कमी सांगितलं, महाराज?” शास्त्रीबुवा म्हणाले. “म्हटलं, देह म्हणजे घर. आजोबांनी घर बदललं. तर म्हणते, अप्पा, नव्या घरी कवळी आहे का? म्हटलं, आत्म्याला भूक-तहान नाही. तर म्हणते, आत्म्याचं नाही, आजोबांचं विचारते मी. पालथ्या घड्यावर पाणी! बायको तर तोंडावर म्हणाली, लोकां सांगे ब्रह्मज्ञान...”

“आपण कोरडे पाषाण,” महाराजांनी म्हण पुरी केली आणि बत्ता हाणला.

शास्त्रीबुवांना ते लागलं.

“कोरडा म्हणाल तर आहेच मी. तेराव्याला स्वतः तासभर बोललो. सगळा मांडव रडला. माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही.” हे सांगताना त्यांची मान जराशी ताठ झाली. “तुमचीच शिकवण.”

“मी शिकवलं होतं असं?”

शास्त्रीबुवा आठवू लागले. आठवेना.

गोदा खाली चिंचेच्या सावलीत बसली होती. मांडीवर झाकणाचा स्टीलचा डबा, दोन्ही हातांनी धरलेला. पोरीचा चेहरा एवढासा झाला होता.

“ए बाई, वर ये,” महाराज म्हणाले. “चिंचोके वेचायला माणूस पाहिजे मला.”

ती आली. डबा शेजारी ठेवला, चिंचोके वेचू लागली. पाच-सात वेचून झाल्यावर तिने महाराजांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

“तुम्हाला एकपण दात नाही.”

“नाही.”

“मग जेवता कसे?”

महाराजांनी फडक्यातली सकाळची भाकरी काढली. तुकडा मोडून ताकाच्या वाडग्यात बुडवला, तोंडात टाकला आणि हिरड्यांनी चघळून गिळला. मग आ करून तिला तोंड दाखवलं. तिने अगदी दाढा तपासाव्यात तसं आत वाकून पाहिलं.

“गेला का खाली?”

“गेला.”

“मग आजोबांनापण असं जमेल? त्यांची कवळी इकडेच राहिलीय, ह्या डब्यात. मी रोज पाणी बदलते. पण ते तिकडे उपाशी असतील ना...”

शास्त्रीबुवा पुढे सरसावले. “हे बघ बाळ, आजोबा आता—”

“तू थांब,” महाराज म्हणाले. मग पोरीकडे वळले. “तुझे आजोबा उपाशी नाहीत. तुझे आजोबा मेले.”

वीस-बावीस दिवस शास्त्रीबुवांच्या घरात तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. वारले, गेले, निजधामाला गेले, कैलासवासी झाले. सगळं झालं होतं. मेले मात्र कुणी म्हटलं नव्हतं.

गोदाने चिंचोका खाली ठेवला.

“आमची मांजर मेली तसे?”

“तसेच.”

“मेल्यावर भूक लागत नाही?”

“नाही.”

“मुळीच?”

“मुळीच नाही. भूक थांबते. श्वास थांबतो. दुखणं थांबतं.”

“त्यांचा गुडघा?”

“तोही दुखत नाही.”



“मग छत्री कशाला दिली?”

महाराजांनी शास्त्रीबुवांकडे पाहिलं. “तुझ्या बापाला त्यांना काहीतरी द्यायचं होतं.”

“मलापण द्यायचं होतं.”

“माहीत आहे मला.”

“परत येणार नाहीत?”

“नाही.”

“माझे दात आल्यावर? ते म्हणाले होते, नवे दात आले की ऊस सोलायला शिकवतो.”

“नाही, बाई. तेव्हाही नाही.”

...

पोरीचा ओठ थरथरला आणि मग तिने भोकाडच पसरलं. असं रडली की चिंचेवरची पाखरं उडाली. शास्त्रीबुवा तिला उचलायला धावले, तोंडात शब्द तयारच होते. महाराजांनी चिंचेने बरबटलेला हात आडवा धरला.

“रडू दे.”

“अहो, पण किती—”

“तिचं तिला कळतंय किती ते.”

शास्त्रीबुवा मटकन खाली बसले. सतत बोलण्याची सवय जडलेल्या माणसाचे फार हाल होतात अशा वेळी.

हळूहळू हुंदके विरळ झाले. गोदाने फ्रॉकला नाक पुसलं. मग कुणी काही न म्हणता तिने हात लांबवला, फडक्यातली भाकरी घेतली, महाराजांच्या वाडग्याकडे ढुंकूनही न पाहता कडेचा कडक पापुद्रा मोडला आणि दाढेखाली धरला.

कर्रकन आवाज आला.

शास्त्रीबुवांनी तो आवाज ऐकला आणि त्यांना एकदम आपले वडील आठवले. म्हणजे मांडवात ज्यांच्यावर तासभर बोलले ते नव्हेत. कवळी बसवून घेतली त्या दिवशी पहिली भाकरी अशीच कर्रकन मोडून घरभर हसत फिरलेले वडील आठवले. ते घाईघाईने चिंचा नीट करू लागले.

गोदाने अख्खी भाकरी संपवली. वर ताक प्याली. मग उठून महाराजांच्या कानाशी गेली. तिला वाटलं आपण कुजबुजतोय, पण सहा वर्षांच्या पोरीची कुजबुज ती! सगळ्या ओट्याला ऐकू आली.

“अप्पांना माहीत नाही हे.”

“काय?”

“आजोबा मेले ते. त्यांना वाटतंय, गावाला गेलेत. सगळ्यांना तेच सांगतात. रडलेपण नाहीत.”



शास्त्रीबुवांची मान खाली गेली होती. हातातल्या चिंचेवर थेंब पडला, मग दुसरा पडला.

“आता त्यांना कोण सांगणार?” गोदाने विचारलं.

महाराजांनी बत्ता बाजूला ठेवला, डबा उचलून तिच्या हातात दिला.

“तूच सांग. पण हळू सांग हो, बाई... बाप मेलाय त्याचा.”