‘मलम’मध्ये जीव नाही

“दोष गिटारचा नाही, तर मग कशाचा?”

रणधीरनं गफूरचाचांना विचारलं. मिरजेत तंबोरे करता करता दाढी पांढरी झालेला माणूस. तारा जिच्यावर टेकतात ती तंबोऱ्याची घोडी घासणं चाललेलं, ते काय थांबलं नाही.

समोर बसलेला रणधीर म्हणजे ‘खरूज’ ह्या पंक बँडचा गायक. पहिला अल्बम ‘खाज’. पत्र्याच्या शेडमध्ये चौघांनी बोंबलून केलेला, शेजाऱ्यांनी दोनदा पोलीस बोलावलेले. गिटारची घोडी तेव्हा चाचांनीच घासून दिलेली, तार नुसती झणझणायची. पुण्याच्या एका समीक्षकानं लिहिलं, “ही पोरं ओरडली आणि मला माझं घर आठवलं.” रणधीरनं ते इतक्यांदा वाचलं की कागद घडीवर फाटला.

दुसरा अल्बम ‘मलम’. एसी स्टुडिओत, गुळगुळीत. परवा त्याच समीक्षकानं दोनच ओळी लिहिल्या. “सगळं सुरात आहे. जीव नाही.”

“आठ महिने घासलं आम्ही त्याच्यावर,” रणधीर म्हणाला.

“मग गुळगुळीतच होणार की.”

“चाचा, चेष्टा नको. पहिल्यासारखी झणझण काढून द्या. बाकी काय नको मला.”

चाचांनी तंबोऱ्याची तार छेडली. ठण्ण. मेलेली.

“एक दोरा दे.”

“कुठला?”

चाचांनी त्याच्या फाटक्या जीन्सचं भोक चिमटीत धरून ओढलं. भोकाला चारी बाजूंनी मशीनची शिलाई. दोरा सुटेना.

“फाटकीच विकत घेतलीस?”

“...फॅशन आहे.”

“आधीची कुठाय?”

“आईनं पायपुसणं केलं तिचं.”

चाचांनी स्वतःच्या लुंगीचा दोरा तोडला. तारेखाली घातला. जरा पुढं... जरा मागं... आणि तार भुंग्यासारखी घुमायला लागली. सगळं दुकान भरलं.

रणधीरला ती शेड आठवली. तो तापलेला पत्रा, चौघांत एकच पंखा, काहीच नीट न वाजणं. परत तिथं जायची वाटच नव्हती. शेड पाडून कुणीतरी जिम काढलेली.

“ह्या दोऱ्यालाच आम्ही जीव म्हणतो,” चाचा म्हणाले. मग दोरा उपसून त्याच्या तळहातावर ठेवला. “लाव.”

रणधीरनं लावला. ठण्ण.

सरकवला. ठण्ण.

चाचा नमाज पढून आले. ठण्ण. चहा आला, गार झाला. ठण्ण.

“सापडत नाही, चाचा.” आवाज मध्येच चिरकला.

चाचांनी हातातली कानस खाली ठेवली.

“काय म्हणालास?”

“सापडत नाही...”

चाचांनी त्याच्या चिरकलेल्या गळ्याकडं बोट केलं.

“हे घेतलं होतंस का रेकॉर्डिंगमध्ये?”